फाटकापाशी निळं पाणी

वहिनीच्या फाटकापाशी कोल्ड्रिंकच्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात, नीळ कालवलेल्या पाण्यानं भरलेल्या. निळं पाणी दिसलं की कुत्री बिचकतात, दाराशी घाण करत नाहीत, असं आमच्या गल्लीत सगळेच मानतात.

त्यातली प्रत्येक बाटली माझ्या ओळखीची आहे. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मधुमेह होता. तरी वहिनी मंडईत गेली की तो मला बोलावून घ्यायचा. "ये गं, अर्धी तू घे. एकट्यानं प्यायलं की चोरी केल्यासारखं वाटतं." मीही मुकाट पेला पुढे करायची. बुडबुडे नाकात शिरून दोघंही ठसकायचो, हसायचो. रिकामी बाटली मग माळ्यावर लपायची.

तो गेल्यावर वहिनीनं माळा झाडला, तेव्हा त्या सगळ्या खाली आल्या. तिनं त्या धुतल्या, निळीच्या पाण्यानं भरल्या आणि फाटकापाशी मांडल्या. त्या दिवसापासून मी ते पेय तोंडाला लावलेलं नाही. लोक कौतुकानं विचारतात, "कसं काय सोडलंस बाई?" सोडलंय कुठे? कुठल्याही लग्नात कुणी झाकण फिरवलं आणि 'फस्स' आवाज आला, की अजून माझी मान वळते. वाटतं, आता हाक येईल.

आज गेले तर गल्लीतलं तांबडं कुत्रं त्यातल्याच एका बाटलीला पाठ लावून गाढ झोपलं होतं. बिचकून फाटकाबाहेर उभी होते ती मी.

आतून वहिनीचा आवाज आला, "या ना वन्सं, उघडंच आहे."