शून्यमासातला नळ

आमच्या गावात हिवाळा फार पवित्र असे, म्हणून त्या दिवसांत कुणी काही कामाचं करत नसे. गाव बेंगळूरजवळ, येलहंक्याच्या पुढे, देवनहळ्ळीच्या अलीकडे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजूनही स्वतःला सुधारलेली समजतात, त्यांचा समज मोडून मला काय मिळणार? पन्नास सालानंतरच्या दशकातली ही हकिगत. गावाला म्युनिसिपालिटी होती आणि माझे वडील तिचे मेंबर होते. आम्ही मुलं त्यांना अण्णा म्हणायचो, हळूहळू सगळं गावच म्हणायला लागलं. तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घोडे, तलवारी, जमिनी सगळं वाटेत गळालं. ऐट तेवढी शिल्लक राहिली, ती वंशपरंपरेनं अण्णांकडे आली.

धनुर्मास लागला की पहाटे अंधारात देवळात पूजा, घंटा आणि मग हुग्गीचा प्रसाद. तांदूळ, मुगाची डाळ, मिरी आणि वर तूप. हुग्गी उत्तम असे, हे कबूल करते. गावाची भक्ती तिचा वास सुटल्यावरच जागी होई. मराठी घरांत याच दिवसांना धुंधुरमास म्हणतात, म्हणून देवळातून परत आलो की आम्ही कुठूनशी मिळवलेल्या बाजरीची भाकरी आणि लोणी पुन्हा खायचो. पण शेजारपाजारची कानडी मंडळी या महिन्याला शून्यमास म्हणत. शून्यमासात लग्न नाही, मुंज नाही, नव्या कशाचीही सुरुवात नाही. आमच्या मंडळींनी त्यांच्याकडून भाषा अर्धीमुर्धी घेतली, पण ही गोष्ट अगदी पुरेपूर घेतली. महिनाभर काही न करण्याची इतकी चांगली सोय कोण सोडेल?

त्या वर्षी नेमका शून्यमास लागला आणि दोनच दिवसांत आमच्या गल्लीत नळ बसला. देवळाच्या कुंपणाची भिंत आमच्या दारासमोर होती, तिच्यात. पितळी, चकचकीत, चार पावलांवर. म्युनिसिपालिटीच्या वॉटरमननं तो फिरवून दाखवला तेव्हा हाताएवढी धार आली आणि आमची आत्या पायरीवर बसून चक्क हसली.

आत्या अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती भावाकडे आली, ती घरातलं पाणी भरायलाच जणू. देवळामागच्या विहिरीवरून रोज वीस-बावीस घागरी, तेवीस वर्षं. त्या वर्षी आईला सातवा महिना होता आणि मी सतरा वर्षांची, बेंगळूरच्या कॉलेजात शिकणारी, सकाळची छोटी गाडी पकडणारी, म्हणजे घरातली मोठी विदुषी. मी दोन कळश्या आणून टाकायची आणि उपकार केल्यासारखी निघून जायची. पुरुषांनी पाणी भरायचं नसतं, हे तर सांगायलाच नको. आणि महिनाभरापूर्वी धुक्यात विहिरीच्या ओल्या दगडावरून आत्या पडली होती. उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला आणि अण्णांच्या समोर सांगितलं, “तीन महिने रहाट ओढायचा नाही, घागर उचलायची नाही. उचललीत तर हा हात पुन्हा वर जाणार नाही.” अण्णांनी गंभीरपणे मान हलवली होती. मान हलवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

तर नळाला धार आली आणि मला वाटलं, सुटली बाई एकदाची. अण्णांनी वॉटरमनला नळाची मूठ काढायला सांगितली.

“अण्णा, नीट चाललाय ना नळ?” तो गोंधळून म्हणाला.

“चालतोय रे, पण शून्यमास चालू आहे. संक्रांतीला उद्घाटन करू. तोवर स्वल्प थांबायचं.”

मूठ त्यांनी खिशात घातली, घरी आणली, धुतली आणि देव्हाऱ्यात ठेवली. हाच माणूस रविवारी वाचनालयाच्या कट्ट्यावर बसून लोकांना विज्ञानयुग समजावून सांगायचा. रशियानं आकाशात काय सोडलं ते त्यांना तोंडपाठ, पण आपल्या दारातला नळ उघडायला सूर्य मकरेत जायला हवा होता. मी तसं म्हणालेसुद्धा. अण्णा म्हणाले, “कॉलेजात घातली ती चूक झाली.” वाद तिथेच मिटला.

मग महिनाभर आत्या डाव्या हातानं पाणी भरत राहिली. लहान कळशी, अर्धी भरलेली, नळाच्या समोरून. मी दोनाच्या चार कळश्या केल्या, फार केलं. एकदा मी तिला म्हटलं, “देव्हाऱ्यातली मूठ मी काढून आणते, पहाटे कोण बघतंय?” ती घाबरून म्हणाली, “नको ग बाई. गावात त्याची मान खाली जाईल.” तिचा खांदा खाली गेला होता, त्याचं काही नाही. पण बोटांवर ती दिवस मोजायची. संक्रांतीला किती उरले, हे तिला पंचांगवाल्या भटजींपेक्षा पक्कं ठाऊक असे.

संक्रांतीचा सार्वजनिक समारंभ ठरला. तिळगूळ आमचा आणि एळ्ळु-बेल्ला त्यांचा, म्हणजे तीळ, गूळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याचं मिश्रण, दोन्ही वाटायचं. वर बायकांचं हळदीकुंकू, पाच सवाष्णींच्या हातून नळाची पूजा आणि शहरातून येणारे एक साहेब. शिवाय रोषणाई. देवळापासून बाजारापर्यंत रंगीत दिव्यांच्या माळा, आणि त्या आदल्या दोन दिवसांपासून दिवसरात्र पेटत्या ठेवायच्या, म्हणजे गावाला कळेल. गावाला येणारी वीज ती केवढी! वॉटरमन घरी येऊन सांगून गेला की माळा लावल्या तर तळ्याकाठची मोटर चालणार नाही आणि मोटर चालली नाही तर टाकी भरणार नाही. अण्णांनी कमिटीपुढे प्रश्न ठेवला. दिवे की पाणी? कमिटीतल्या सात शहाण्यांनी एकमतानं दिवे निवडले. पाण्याच्या समारंभासाठी पाणी बंद ठेवणारी माणसं मी नंतर आयुष्यात बरीच पाहिली, पण ती पगारी होती. हे सगळे हौशी.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी मूठ वाजतगाजत नळाला बसवली आणि फिरवून बघितली. नळानं नुसती फुस्स हवा सोडली. कमिटीचे चेहरे पाहण्यासारखे झाले. साहेब पाचला येणार होते. मोटर लावायला वेळ नव्हता, आणि माळा विझवायची कुणाची छाती नव्हती. शेवटी वॉटरमननंच युक्ती काढली. भिंतीच्या पलीकडे, देवळाच्या आवारात विटांच्या चौथऱ्यावर एक मोठं पिंप ठेवायचं, नळीचा तुकडा त्याला जोडायचा, पिंपात पाणी ओतत राहायचं. पुढून धार लागेल.

“सरी, ठीक आहे, पण भरणार कोण?” कुणीतरी विचारलं.

तो म्हणाला, “मी भरतो.” सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. सगळ्या गावाला पाणी पोचवणाऱ्या त्या माणसाला देवळाच्या विहिरीला हात लावायची परवानगी नव्हती, आणि ते तोंडानं म्हणायची लाज मात्र या सज्जनांना होती. कमिटीच्या लोकांची धोतरं इस्त्रीची होती. बायका रेशमी लुगड्यांत, अंबाड्यात शेवंती माळून तयार. अण्णा घरात आले. आत्या चुलीपाशी होती. मी दारात उभी होते, प्रत्येक शब्द ऐकला.

“अक्का,” ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “हळदीकुंकवाला तुला तसं यायचं नाहीच. तू मोकळीच आहेस ना?”

आत्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या खांद्याकडे. “किती घागरी?” तिनं विचारलं.

“चार-पाच पुरतील. धार लागली की पुरे.”

मी म्हणाले, “डॉक्टरांनी काय सांगितलंय?” अण्णा म्हणाले, “तुला स्वागतगीत म्हणायचंय, तू साडी बदल.” आणि मी साडी बदलली. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आई खाटेवरून उठून बसली होती, ती पुन्हा आडवी झाली. त्या घरात अण्णांचा शब्द मोडायची सवय कुणालाच नव्हती.

साहेब सातला आले. माळा लागल्या होत्या, गल्ली लाल-हिरवी झाली होती, एवढ्या उजेडात आम्ही पाचजणी गायला उभ्या राहिलो. पहिलं कडवं झालं आणि भिंतीपलीकडून रहाटाचा आवाज यायला लागला. कर्र, कर्र. साहेबांनी कान टवकारले. अण्णांनी मला हातानं खूण केली, मोठ्यानं. मला त्या खुणेचा अर्थ बरोबर कळला होता. आणि मी मोठ्यानं गायले. माझा आवाज चांगला आहे असं त्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं.

सवाष्णींनी नळाला हळदकुंकू वाहिलं, साहेबांनी मूठ फिरवली, धार लागली. टाळ्या. मग साहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि तसेच, नळ वाहता ठेवून, भाषणाला उभे राहिले. विषय पाण्याची काटकसर. वॉटरमन पुढे झाला नळ बंद करायला, तर आमच्या भटजींनी त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. पूजलेली गंगा वाहती असताना मध्येच तोडायची नसते म्हणे. अण्णा कमिटीकडे, कमिटी भटजींकडे, भटजी आकाशाकडे पाहत होते. एकाही शहाण्याला हात पुढे करून मूठ फिरवता आली नाही. पाणी सवाष्णींच्या पायांवरून गटारात जात होतं आणि भिंतीमागे रहाट कर्र कर्र करत होता. साहेब पाऊण तास बोलले. मध्ये दोनदा धार बारीक झाली, दोनदा पुन्हा मोठी झाली.

गर्दी पांगल्यावर मी मागे गेले. आत्या चौथऱ्याला टेकून बसली होती. भाषण चालू असतानाच इकडे आलेला वॉटरमन तिच्यापासून चार हात लांब उभा होता, रडवेला. “अम्मा, बेड, बेड, नको, नको म्हणत होतो, ऐकलं नाही,” तो म्हणाला. किती घागरी झाल्या ते तिला सांगता येईना, दोघांनीही मोजल्या नव्हत्या. मी तिचा हात धरून उठवायला गेले तर ती ओरडली. आत्याला ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आलो. अण्णा खुशीत होते. साहेबांनी पाठ थोपटली होती, पुढच्या वर्षी अध्यक्ष करतील अशी हवा होती. ते पाटावर बसले, मी पान मांडलं. आई म्हणाली, “मी वाढते,” पण आत्यानं तिला बसवलं. तिनं भाताचा डाव उचलला. उजवा हात उचलायचा प्रयत्न तिनं दोनदा केला. तो कमरेच्या वर आला नाही. मग तिनं डाव डाव्या हातात घेतला आणि भात वाढला.

अण्णांनी पानाकडे पाहिलं. “अक्का, आज सणाच्या दिवशी डाव्या हातानं वाढतेस? अशुभ असतं ते. तुला काय सांगायला हवं?”

आत्यानं डाव भाताच्या पातेल्यात ठेवला. पातेलं तसंच डाव्या हातानं अण्णांच्या पानापाशी सरकवलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

अण्णा आमच्याकडे बघत राहिले. आई उठली नाही, मीही उठले नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच भात वाढून घेतला आणि जेवले.