‘काइंडली’ शब्दाचं मूळ

अर्जात ‘काइंडली’ लिहिताना तुम्ही कधी त्या शब्दाचं मूळ शोधलंय का? माणिकपूरच्या रिक्षा स्टँडजवळ बसणारे एक टायपिस्ट शोधायचे. मांडीवरच्या जाड कोशातून शब्द समजावल्याशिवाय ते कुणाची सही घेत नसत.

नंदाखाल गावातल्या एका बाईंची विहीर टँकरवाल्यांच्या उपशाने खारी झाली होती. केळी करपत होती. उपसा थांबवा म्हणून हा त्यांचा सातवा अर्ज.

“बाय, काइंड म्हणजे मुळात आपल्या कुळातला. साहेबाला सांगतोय, नातलगासारखं वागा.”

“नातलग असता तर सहा अर्ज गिळून गप बसला असता काय?”

टायपिस्टनी कागद फाडला आणि तो शब्द वगळून अख्खा अर्ज पुन्हा टाइप केला. त्यालाही उत्तर आलं नाही.

बोळिंजच्या इमारतींत राहणाऱ्यांनो, ते पाणी तुमच्याकडेच येतं; दारात टँकर आला की पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारा. नंदाखालचं असेल तर परत पाठवा.