जावळाची घोंगडी

सात रस्त्याजवळच्या एका हॉलात सरकारी प्रशिक्षण होतं, महिला उद्योजिकांसाठी. पुण्याहून आलेल्या सरांनी फळ्यावर चार चौकोन काढले. कच्चा माल देणारा, माल बनवणारा, विकणारा, घेणारा. चौकोनांमधून बाण ओढले आणि म्हणाले, हीच तुमची साखळी, हिच्यातला कुठलाही चौकोन हलता कामा नये. मागच्या रांगेतून पूनमने हात वर केला.

"सर, आमच्या पहिल्या चौकोनाला पाय हायत. तो रोज गाव बदलतो."

हॉल हसला. पण पूनम गंमत करत नव्हती. तिचे सासरे गुंडामामा म्हणजे तिचा पहिला चौकोन, आणि तो मेंढरांमागे सांगोल्याच्या माळावर कुठंतरी चालत होता. फोन त्यांच्याकडे होता, पण चार्जिंग संपेल म्हणून ते तो बंदच ठेवत.

पूनमला ओळखणारे सांगतात की ही बाई भांडकुदळ आहे. खरं आहे. शुक्रवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून घोंगड्या विकायच्या म्हणजे नरम राहून चालत नाही. नवरा बिरुदेव टेंपो चालवतो. सासू मायाक्का कळपातली लोकर गावातल्या बायांकडून पिंजून, चरख्यावर कातून घेते. ते सूत टेंपोतून पेठेत येतं, मल्लिनाथ ते मागावर विणतो, चिंचोक्याची खळ लावून वाळवतो. पुढचं सगळं पूनमचं. फोटो काढायचे, ऑनलाइन बाजारात चढवायचे, बांधायचं, कुरिअरला द्यायचं. "मायाक्का घोंगडी" हे दुकानाचं नाव तिनेच ठेवलं. मालक कोण म्हणून विचारलं की सासूकडे बोट दाखवते, आणि भांडायची वेळ आली की स्वतः पुढे होते.

अडचण होती ती मल्लिनाथची. पेठेत घोंगडीचा माग उरला होता तो एवढाच. त्याचा पोरगा मागं लागला होता की बाबा, आता पुरे. टॉवेलच्या कारखान्यात वॉचमनची जागा ठरली होती, दिवाळी झाली की रुजू व्हायचं होतं. मल्लिनाथ पूनमला म्हणाला, "ताई, ह्या टायमाचा माल इकून दाव. इकला तर बघू. न्हायतर माग मोडून जळणाला घालतो."

तो असा तोडून बोलणारा माणूस. माग मोडला की साखळीच तुटली, हे सांगायला पूनमला फळ्याची गरज नव्हती.

म्हणून तिने त्या मोसमात नेहमीच्या काळ्या घोंगड्या बाजूला ठेवल्या आणि जावळाच्या काढल्या. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती एकदाच निघते, आणि अशी मऊ असते की हात लावला की काढवत नाही. मल्लिनाथने त्या विणल्यासुद्धा जीव लावून. पूनमने बसून त्यांचं वर्णन लिहिलं, अगदी सासूच्या तोंडचं: "पिल्लाचं पहिलं जावळ प्रेमानं कातरून, हातानं विणलेली मऊ घोंगडी." इंग्रजी करायचं काम फोनवर सोपवलं, बटण दाबलं आणि निवांत झोपली.

फोनला जावळ म्हणजे काय ते ठाऊक होतं. नको तेवढं ठाऊक होतं. त्याने इंग्रजीत लिहिलं की आमच्याकडे लहान मुलांचे पहिले केस प्रेमाने कापतात आणि त्यांची पांघरुणं विणतात.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बाजारवाल्या कंपनीने दुकान बंद केलं. मानवी केसांपासून बनवलेला माल विकल्याबद्दल.

बिरुदेवला ते वाचून दाखवल्यावर तो टेंपोच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "आगं, आपल्या पोराचं जावळ इकलंस व्हय?"

"हसा तुमी. तिकडं मल्लिनाथ माग मोडाय बसलाय."

बिरुदेवचं हसू तिथंच थांबलं. चूक आपलीच, हे पूनमला कळत होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. दिवाळीचा सेल तोंडावर आलेला, आणि आपल्या दुकानाला कुलूप.

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत अदबीने बोलत होती. तो शब्द काढून साधी लोकर लिहा, नव्याने अर्ज करा, महिन्याभरात बघतील, म्हणाली. नाहीतर माल कुठून येतो, कसा बनतो त्याचा व्हिडिओ पाठवा, तो लवकर तपासतात. पूनम म्हणाली, शब्द नाही काढणार. जावळाला जावळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? व्हिडिओच पाठवते.

म्हणणं सोपं होतं. पहिला चौकोन सापडायला हवा होता. बिरुदेवने टेंपो काढला. गुंडामामांचा फोन अर्थातच बंद. सांगोल्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर विचारलं, पाण्याच्या टँकरवाल्याला विचारलं, शेवटी एका डाळिंबवाल्याने सांगितलं की परवा मेंढरं आपल्याच शेजारी बसली होती, आता ओढ्यापलीकडं गेली. ओढ्यापलीकडे कळप दिसला तेव्हा पूनमने देवाचं नाव घेतलं.

मायाक्काही लोकर न्यायला कळपावर आली होती. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "मानसाच्या केसाची घोंगडी! कुन्या शान्यानं म्हटलं हे?"

"फोननं, आत्या."

"मग फोनला हिकडं आन."

पूनमने कॅमेरा सुरू केला आणि कोकराला कातर लावायला सांगितलं. गुंडामामा जागचे हलले नाहीत. बिरोबाचं नाव घेऊन भंडारा टाकल्याशिवाय जावळाला कातर लावायची नाही, मग समोर कॅमेरा असो नाहीतर कलेक्टर. भंडारा उधळला, निम्मा फोनवर पडला. मग त्यांनी कोकराला मांडीवर घेतलं आणि लोकर अशी उतरवली की कोकराला पत्ताही लागला नाही. पहिली बट देवासाठी बाजूला ठेवली. एवढं झाल्यावर त्यांना राहवेना. पटका काढून त्यांनी आपलं चकचकीत टक्कल कॅमेऱ्यापुढे धरलं.

"मानसाचं क्यास पायजेत न्हवं? बगा, ह्यातनं किती घोंगड्या निगत्याल त्या."

मायाक्का तोंडाला पदर लावून हसली. मग तिने लोकर तळहातावर घेतली आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघत बोलली, "मी मायाक्का. हे जावळ आमच्या कोकराचं हाय. पोरापरमानं सांभाळतो आमी त्यास्नी, म्हनून त्याला जावळ म्हनतो. लबाडी न्हाय हितं."

पूनमने फोन तिच्या आणखी जवळ नेला. एवढी वर्षं ती या बाईचं नाव विकत होती आणि तिचा आवाज तिने कधी कुणाला ऐकवला नव्हता.

गावातल्या बायांचे चरखे टिपले. मग पेठेत येऊन मल्लिनाथपुढे फोन धरला. तो नाही म्हणाला, मान फिरवली, धोटा फेकत राहिला. पूनमने तेच टिपलं. शेवटी तो मान न वळवताच म्हणाला, "मी मल्लिनाथ. इणनारा." बस, एवढंच. पण हे वॉचमन व्हायला निघालेला माणूस सांगत होता.

व्हिडिओ गेला आणि सेलच्या आदल्या दिवशी दुकान उघडलं. जावळ हा शब्द तसाच राहिला, खाली अर्थासकट. पूनमने तो व्हिडिओ घोंगडीच्या फोटोशेजारी सगळ्यांसाठी लावला, टकलासकट. घोंगड्या पहिल्याच झपाट्यात संपल्या. मग ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांची विचारणा सुरू झाली. द्यायचं कुठून? विणणारा तर दिवाळी झाली की निघाला.

भाऊबीज उरकून ती मल्लिनाथच्या घरी गेली. वॉचमनचा गणवेश दोरीवर वाळत असेल असं धरून चालली होती. मल्लिनाथ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, आणि माग रिकामा होता. त्याने तिच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"सूत कुटं हाय? सकाळधरनं वाट बगतोय. तुज्या सासूला सांग, गप्पा कमी कर आन् सूत लाव. पोरगं फोनात बगून सांगतंय, मानसं थांबल्यात म्हनं माज्या मालासाठी."

 पूनम दारातूनच मागे फिरली आणि बिरुदेवला टेंपो काढायला सांगितलं.

ऑनलाइन दुकानात "माल संपला" असं लिहिलं होतं. टेंपो सांगोल्याच्या रस्त्याला लागल्यावर तिने ते खोडलं आणि लिहिलं, "मल्लिनाथ विणतो आहे. थांबावं लागेल." सकाळचा माल संध्याकाळी दारात मागणारी ही दुनिया. तिच्यातली माणसं थांबली. काही तर नवी कोकरं येईपर्यंत, पुढच्या मोसमापर्यंत थांबली.