तंतुकाचं कार्ड

मार्च १९८४ चा दुसरा रविवार, सकाळचे अकरा. ठिकाण: बेळगाव, खासबागेतली आमची मागाची खोली. हजर: आई, वहिनी आणि मी. अण्णाला जाऊन पाच आठवडे झाले होते. काम एकच ठरवलं होतं, त्याची शब्दांची कार्डं पेटीतून काढून क्रमानं लावायची. माझा हा थोरला भाऊ निपाणीला मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. मुलांनी इंग्रजी शब्द नुसते घोकावेत हे त्याला पटत नसे, म्हणून एकेका शब्दाचं एकेक कार्ड: अर्थ, उगम, मराठी शब्द. पण कार्ड पक्कं व्हायच्या आधी आईपुढं जायचं. अर्थ आईला उमगला, तरच तो खाली तिचा अंगठा घ्यायचा.

‘फायब्रिल’च्या दिवशी त्यानं मागाखालचा सुताचा तुकडा उचलला, पीळ सोडवला आणि एक बारीक तंतू तिच्यापुढं धरला. “आई, ह्याला लॅटिनात फायब्रा म्हणत्यात. ह्याच्या पोटात आणिक बारीक असतोय त्यो फायब्रिल, म्हंजे धाकटा तंतू. आपण त्याला तंतुक म्हणूया.”

“मला तर काय दिसंना रं.”

“मला बी दिसत न्हाय. म्हणून तर नाव लागतंय.”

“न दिसणाऱ्याचं बी बारसं करतोस व्हय? आण तुझी शाई.”

ते कार्ड त्या रविवारी माझ्या हाती आलं... अंगठा अजून ठसठशीत आहे. पेटीच्या तळाशी मीच ठेवलेली दवाखान्याची चिठ्ठी होती. अण्णा वर्गात, फळ्यापाशी कोसळला. चिठ्ठीवर शब्द आहे ‘फायब्रिलेशन’, त्याच फायब्रिलवरून आलेला. डॉक्टरांनी मला समजावलं होतं: हृदयाच्या तंतूंनी एका वेळी आकसायचं असतं, ते सोडून ते आपापले सुटे थरथरत राहतात आणि रक्त पुढं जात नाही. मी मान हलवत होते, आणि डोळ्यांपुढं अण्णाच्या बोटांत पीळ सुटणारं ते सूत...

आईनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. “कशानं गेला गं त्यो? मला कोणच सांगंना.”

वहिनीनं पुढचं कार्ड उचललं. मी म्हटलं, “कार्ड करते आई, मग सांगते.”

बाकीची कार्डं त्याच दिवशी लावून झाली. ‘फायब्रिलेशन’च्या या नव्या कार्डावर मी शब्द लिहिला, उगम लिहिला. अर्थाची जागा कोरी आहे. आई रोज माग सुरू करायच्या आधी विचारते, “झालं का गं?” काल पाहिलं, तर अण्णाची शाईची डबी तिनंच त्या कार्डाशेजारी आणून ठेवली होती. झाकण उघडून.