एका खाटेवरचे दोघे

भिमाजीला उठवायला कधी कुणी लागलं नाही. कळंबकडच्या गावात असताना तो कोंबड्याच्या आधी उठायचा, आणि सहासष्ट साली पिंपरीच्या कारखान्यात लेथवर लागल्यावरही ती खोड गेली नाही. पहाटे चारला टक्क जागा. संध्याकाळी आठ वाजले की मात्र हातातला घास तसाच धरून पेंगायला लागायचा.

बरकत नेमका उलटा. तो राजगुरुनगरचा. त्याची आई खैरुन्निसा तिथंच असायची. सकाळचं ऊन त्याच्या डोळ्यांत मिरचीसारखं झोंबायचं. दिवेलागण झाली की गडी फुलायचा, गप्पांना बहर यायचा. तिसरी पाळी त्यानं आपणहून मागून घेतली होती. रात्री बारा ते सकाळी सात तो लेथ चालवायचा. सातला भिमाजी त्याच लेथवर उभा राहायचा. आणि दोघांत मिळून एक खोली, एक खाट. रात्री भिमाजीची, दिवसा बरकतची. चादरी दोन, उश्या दोन, खाट मात्र क्वचितच गार व्हायची.

"लेका, तू कोंबडीच्या जातीचा," बरकत चिडवायचा.

"अन् तू वटवाघूळ," भिमाजी म्हणायचा.

दुपारी साडेतीनला भिमाजी सुटून यायचा तेव्हा बरकत नुकता उठून स्टोव्ह पेटवत असायचा. तिथून आठपर्यंतचे साडेचार तास काय ते दोघांचे. भाजी बरकतची, भाकरी भिमाजीची.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये भिमाजीची बायको सावित्री पहिल्यांदा पिंपरीला यायची होती. तिचा भाऊ तिला एसटीनं पुण्यापर्यंत आणणार होता. भिमाजीनं एका दिवसाची रजा मागितली. फोरमन उद्धवराव म्हणाले, "बदली माणूस दे आणि जा. मशीन बंद राहायचं नाही."

भिमाजीनं बरकतला विचारलं.

"सकाळी मी माणसात नसतो, भिमाजी. तुला ठाऊक हाय."

"एकच दिवस रे. तिला स्टँडवर एकटीला कसं सोडू?"

"तिचा भाऊ हाय की."

"त्याला लगेच माघारी जायचंय."

बरकतनं मान डोलावली. "जा. वहिनीला घेऊन ये. दुसरी खोली बघितलीय मी, पुढल्या आठवड्यात तिकडं जातो."

रात्रीची पाळी संपवून त्या दिवशी बरकत भिमाजीच्या पाळीलाही उभा राहिला. सलग साडेपंधरा तास. लेथवर त्याला काही झालं नाही. साडेतीनला तो बाहेर पडला आणि मुंबई-पुणे रस्ता ओलांडताना ट्रकखाली आला. पाहणारे सांगत होते, उन्हात डोळे मिटून चालला होता, हॉर्न ऐकूच आला नाही.

पाचच्या सुमारास भिमाजी सावित्रीला घेऊन खोलीवर आला. दाराला कुलूप होतं आणि दारात उद्धवराव उभे होते.

मयत राजगुरुनगरला नेली तेव्हा भिमाजी सोबत गेला. खैरुन्निसाबी ओसरीवर बसल्या होत्या. बरकत आपल्या पाळीला उभा होता हे त्यांना सांगायचं म्हणून तो दोनदा ओसरीपर्यंत गेला, आणि दोन्ही वेळा मागं फिरला. न सांगताच तो परत आला.

मग सकाळी सातला लेथवर उभं राहणं त्याला जमेना. मशीन हातात द्यायला समोर बरकत नसायचा. त्यानं उद्धवरावांकडे तिसरी पाळी मागितली, बरकतची. घरी आला की सकाळी आठला आडवा व्हायचा, पण अंग सकाळचं. झोप कुठून येणार? डोळे मिटून पडून राहायचा.

आणि तेव्हाच ते व्हायचं. बरकत निजण्याआधी उशी दोनदा थोपटायचा. थप, थप. उन्हं दारातून आत आलेली, बाहेर बायका नळावर भांडत असलेल्या, अशा भरल्या सकाळी भिमाजीला डोक्याशी ते थोपटणं ऐकू यायचं. खाटेची कड कुणी बसल्यासारखी खाली जायची. धमकी नाही, रडणं नाही. आपली वेळ झाली म्हणून कुणी थांबून बसावं, तसं.

भिमाजी उठायचा आणि खाली फरशीवर पडायचा. तीन वाजेपर्यंत खाटेला हात लावायचा नाही.

सावित्रीनं हे महिनोन्महिने पाहिलं. शेजारणी म्हणाल्या, भगत बोलाव. तिनं बोलावला नाही. चार वर्षांत तो वाळून काठी झाला, तेव्हा एका दुपारी तिनं त्याला समोर बसवलं.

"कोण येतंय तुमच्याकडं?"

भिमाजीनं सगळं सांगितलं. पाळी कुणाची होती, कुणासाठी केली, सगळं. आपल्याला आणायला जाता यावं म्हणूनच पाळी बदलली होती, हे सावित्रीला तेव्हा कळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्यांच्या आईला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग आधी तिथं चला."

रविवारी दोघं राजगुरुनगरला गेली. खैरुन्निसाबींनी सगळं ऐकून घेतलं, खाटेवरच्या थोपटण्याचंही. मग एकदम उसळल्या.

"इथं सगळे म्हणत्यात पोरगा दारू पिऊन मेला. भर दुपारी, रस्त्यात, डोळे मिटून! चार वर्सं मी मान खाली घालून पाण्याला जाते. त्याच्या चुलत्यानं माझ्या घरचं पाणी सोडलं. आणि तुला ठावं होतं?"

आपण फक्त आपली चूक लपवतोय असं भिमाजीला वाटत होतं. त्या गप्पपणानं मेलेल्याचं नावही बुडवलं, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"मला सांगून काय उपेग? त्यांना सांग," त्या म्हणाल्या.

पुढल्या शुक्रवारी नमाज सुटल्यावर भिमाजी मशिदीबाहेर उभा राहिला. बरकतचा चुलता आणि वीस-पंचवीस माणसं समोर होती. "बरकत दारू पीत नव्हता. माझ्या पाळीला उभा होता. रातभर जागून," एवढंच त्याला बोलता आलं, पण ते त्यानं तीनदा सांगितलं. चुलत्यानं मान वळवली. थोड्या वेळानं तो खैरुन्निसाबींच्या घराकडे निघाला, तेव्हा भिमाजी मागेच राहिला.

खैरुन्निसाबींनी त्याला माफ केलं असं काही झालं नाही. पण दोन महिन्यांनी त्या अचानक पिंपरीला आल्या. पोराची खोली बघायची होती. सावित्रीनं चहा दिला. त्या खाटेपाशी गेल्या, कडेला बसल्या, हातानं सुंभ चाचपलं.

"इथं येतो का गं तो?" त्यांनी विचारलं.

सावित्री खोटं बोलली नाही. "येतात म्हणं. सकाळचं. मला न्हाई दिसत."

खैरुन्निसाबी चपला काढून आडव्या झाल्या. सकाळचे नऊ वाजले होते. भिमाजी बाहेर ओट्यावर बसून राहिला. नळावर आवाज वाढला की जाऊन बायकांना हात जोडायचा. तीन वाजता त्या उठल्या. बऱ्याच दिवसांनी झोप लागली, एवढं म्हणाल्या, आणि आत काय ऐकलं ते त्यांना विचारायचा धीर भिमाजीला झाला नाही.

पुढं त्यानं सकाळची पहिली पाळी परत घेतली. एक्याऐंशीत नव्या खोलीत गेला तेव्हा खाट हातगाडीवर घालून स्वतः ओढत नेली. रजेच्या दिवशी सकाळी आठपासून तीनपर्यंत तो तिच्यावर टेकत नसे, आणि पोरांनाही टेकू देत नसे.