आप्पांच्या कॉम्प्युटरची मेमरी

२०१३ च्या दुष्काळात शिरूर कासारच्या बाजूला एका गावात दूध संस्था बंद पडली. पण राधाकिशन आप्पांचं चेअरमनपद काही बंद पडलं नाही. गायी आटल्या, डेअरीला कुलूप लागलं, तरी आप्पा रोज इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर बसत. संस्थेचा कॉम्प्युटर त्यांनी घरी आणून ठेवला होता. धूळ लागू नये म्हणून, असं ते सांगत.

तो कॉम्प्युटर म्हणजे बसकण मारलेला बैल. सकाळी बटण दाबून आप्पा दाढी करून येत, तरी पडद्यावर नुसतं हिरव्यागार टेकडीचं चित्र. अख्ख्या शिवारात तेवढंच हिरवं उरलं होतं, म्हणून आप्पाही ती जरा वेळ बघत बसत.

पण आता घाई होती. गावात चारा छावणी हवी, तर जनावरांच्या यादीसह निवेदन सोमवारपर्यंत तहसीलला पोचायला हवं होतं. यादी टाइप करायला सून शिवकन्या बसली. लग्नाआधी तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. दहा नावं झाली की यंत्र थिजायचं.

"मामंजी, ह्याची मेमरी कमी हाय. अजून एक पट्टी टाकावी लागंल."

"कमी? अकरा वर्षांचं दप्तर मावलंय त्याच्यात!"

"कणगी मोठीच हाय, मामंजी. परात लहान हाय. एका टायमाला किती पीठ मळणार?"

आप्पांना पटलं, पण सुनेचं ऐकलं असं दिसायला नको होतं. त्यांनी संचालकांची बैठक बोलावली. आले एकटे व्हाइस चेअरमन बिभीषण. बाकीचे ऊसतोडीला गेलेले. 'संस्थेच्या संगणकाची स्मरणशक्ती वाढविण्यात यावी' असा ठराव सर्वानुमते, म्हणजे दोघांच्या मते, मंजूर झाला. शिवकन्येनं कोणती पट्टी लागते ते चिठ्ठीवर लिहून दिलं. आप्पांनी चिठ्ठी न वाचताच खिशात घातली.

गेवराईच्या दुकानदारानं विचारलं, "बोर्ड कोणता हाय?"

"बोर्ड आमचंच. तीनदा बिनविरोध," आप्पा म्हणाले. "तुमी सगळ्यात भारी मेमरी द्या."

दुकानदारानं भारीतली भारी दिली.

घरी नारळ फुटला. शिवकन्या पुढं झाली तर आप्पांनी तिला हातानंच थांबवलं. जुनी पट्टी उपसून त्यांनी नवी लावली. ती बसेना.

"जोर लावा, चेअरमन," बिभीषण म्हणाले.

आप्पांनी जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. बटण दाबल्यावर यंत्र टीं टीं ओरडायला लागलं अन् पडदा काळाच राहिला.

"लाईटीचा घोळ हाय," आप्पा म्हणाले. वर पंखा गरगर फिरत होता.

शिवकन्येनं पट्टी बाहेर काढली. कोपरा तुटला होता. "हिची खाच इथं हाय, मामंजी, अन् आपल्या मशीनला पाहिजे तिथं. म्या चिठ्ठीत लिवलं होतं."

आप्पांनी खिसा चाचपला अन् हात तसाच बाहेर काढला.

"डेअरीत असलाच दुसरा कॉम्प्युटरचा डबा हाय ना?" शिवकन्येनं विचारलं. "त्याच्यातली पट्टी चालंल."

"कशाला उगी! तिथं लई धूळ हाय," बिभीषण घाईनं म्हणाले. पण ती किल्ली घेऊन निघालीसुद्धा, अन् दोघं तिच्या मागं.

डेअरीतला डबा उघडला तर आत उंदरानं घर केलेलं. पट्टीची जागा मात्र रिकामी. आप्पांचा आवाज चढला. "संस्थेच्या मालाला हात लावला कुणी? तू गप का रं, बिभीषण?"

बिभीषण कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "पोराच्या कॉम्प्युटरला लई गरज होती, चेअरमन. म्या नुसती पट्टीच नेलती. अख्खा डबा न्हाई नेला."

अख्खा डबा आप्पांच्याच घरात होता. ते रुमाल काढून नाक पुसायला लागले. ती धूळ त्यांच्याही नाकात गेली असावी.

संध्याकाळच्या आत पट्टी परत आली. शिवकन्येनं खोडरबरानं तिची पितळी किनार घासली, उपसलेली जुनी परत लावून तिच्या शेजारी बसवली, दोन्ही अंगच्या खिट्ट्या लागल्याचं पाहिलं अन् बटण दाबलं. चहा उकळायच्या आत टेकडी आली. रविवारी ती आप्पांनी हातानं लिहिलेली यादी घेऊन जनावरं मोजत दारोदार फिरली. यादीत आप्पांची सतरा जनावरं होती, दावणीला चार. तिनं चारच टाइप केली. आप्पांनी न वाचताच सही ठोकली. ती सवय त्यांना जुनीच होती.

छावणी मंजूर झाली. उद्घाटनाला आप्पांनी माईक धरला. "म्या स्वतः गेवराईला गेलतो, मेमरी आणली, म्हणून आज तुमच्या जनावरांच्या तोंडात चारा हाय!"

मागं दोन बैलांचे कासरे धरून त्यांची बायको केसरबाई उभी होती. "अन् मोडली ती कुणी आणलती?" तिनं मोठ्यानं विचारलं.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आप्पांनी पाण्याचा ग्लास उचलला तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

त्यानंतर गावातल्या बाया रेशनकार्ड, पीकविम्याचे कागद घेऊन शिवकन्येकडं यायला लागल्या. ओट्यावर ओळ लागायची. आप्पांना एखादा अर्ज टाइप करायचा असला की ती मान वर न करता म्हणायची, "बसा मामंजी. तीन जणींच्या मागं नंबर हाय तुमचा."