कपाळ अण्णाचं, हनुवटी तात्याची

रशीदभाई पेंटर गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी घेत होते. अर्धी पिशवी तशीच घेऊन घरी आले... महिना झाला, आता कुठे लिहायला बसतेय.

जामखेडला त्यांनी सुरुवात केली दुकानांच्या पाट्यांपासून. पुढे निवडणुकीतले पुढाऱ्यांचे चेहरे. फ्लेक्स आले, ते काम गेलं, तेव्हा ते गेलेल्या माणसांची चित्रं काढू लागले. फोटो नसला तरी त्यांचं अडायचं नाही. घरच्यांना समोर बसवायचे. एकाचे डोळे घ्यायचे, दुसरीचे ओठ. "माणूस जाताना स्वतःला वाटून जातो, ताई. आपण गोळा करायचं," म्हणायचे.

आमच्या आईचा धड फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला चित्र हवं म्हणून मी आम्हा भावंडांचे फोटो घेऊन गेले. ते बराच वेळ पाहत राहिले. "कपाळ अण्णांचं, हनुवटी तात्यांची. दोघांना आणा, एकदमच. उजेड एकच पाहिजे."

इथेच घोडं अडलं. माझे हे दोघे मोठे भाऊ शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं बोलत नव्हते. आईच्या दहाव्यालाही दोन टोकांना उभे होते. "आईसाठी या," एवढंच मी दोघांना सांगितलं.

आले. खिडकीशी शेजारीशेजारी बसले, माना दोन दिशांना. रशीदभाई कोळशाने रेघा मारत म्हणाले, "तुमची आई काही रुसणारी नव्हती, नाही का तात्या?"

"रुसनारी नव्हती?" अण्णाच मध्ये बोलला. "लई रुसायची! भाकरीला शिवायची न्हाई."

तात्या भिंतीकडे बघत म्हणाला, "कुनामुळं? तुझ्यामुळंच की."

"आन् नवी बादली हिरीत कुनी घालवली हुती?"

"भांडा, भांडा," रशीदभाई म्हणाले. "आत्ता कुठं कपाळ दिसायला लागलं."

नंतर मी विचारलं, "भाई, फोटोवरून जमलं नसतं?" ते ब्रश पुसत राहिले. "जमलं असतं की..."

चित्र अण्णाच्या घरी आहे. आई हुबेहूब उतरली, नाक तेवढं वेगळंच आलंय. अण्णा म्हणतो तात्याचं, तात्या म्हणतो अण्णाचं. रशीदभाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यांच्या घरी भेटून आलो त्या दिवशी आम्ही तिघं चित्राखाली चहा घेत बसलो होतो. "आता ह्या नाकाचा निकाल कोन लावनार?" अण्णा म्हणाला.

तात्याने मान वर करून चित्राकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला, "सामाईक."